शेरा आणि कैफियत

तेहतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या मळाचे नमुने भिंगाखाली पाहून स्वतःचे पोट भरले, हे वाक्य लिहिताना आजही किंचित संकोच होतो. तथापि ज्या धंद्याने अन्न दिले त्याची लाज धरणे हा कृतघ्नपणा होय, असे आमच्या वडिलांचे मत होते आणि ते मान्य करूनच मी चालत आलो. १९८६ साली पोलादपूर तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ या हुद्द्यावर मी रुजू झालो आणि २०१९ साली महाड तालुक्यातल्या तशाच एका केंद्रातून निवृत्त झालो. मधल्या काळात बदल्या झाल्या, इमारती पडल्या आणि उभ्या राहिल्या, आरशावर खिडकीतला उजेड घेऊन चालणारे सूक्ष्मदर्शक जाऊन विजेचे आले. परंतु टेबलाच्या डाव्या कोपऱ्यातली लाल कापडी पाठीची नोंदवही आणि तिच्यातला ‘शेरा’ हा शेवटचा रकाना काही बदलला नाही. या रकान्याने मला जे शिकविले, आणि जे शिकावयास मी निम्म्याहून अधिक नोकरी खर्ची घातली, ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. अर्जदार आपले गाऱ्हाणे सांगतो ती कैफियत आणि त्यावर हुजुरांकडून जे दोन शब्द लिहिले जातात तो शेरा, असा भेद त्यांनी मला लहानपणीच समजावून दिला होता. कैफियत लांबलचक, पाल्हाळिक आणि रडकी असते, शेरा मात्र आटोपशीर आणि निर्विकार असतो, म्हणून मला शेऱ्याचे मोठे आकर्षण वाटे. प्रयोगशाळेत शिरलो तेव्हा आपण आता शेरा लिहिणाऱ्यांच्या पंगतीला बसलो, असा एक सूक्ष्म अहंकार माझ्या मनात होता, हे कबूल केले पाहिजे.

हा मुलूख कृमींच्या सोयीचा आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, डोंगरउतारावरची वरकस जमीन, खाली भाताची खाचरे, लावणीच्या दिवसांत पोटरीभर चिखलात दिवसचा दिवस अनवाणी उभे राहणारे मजूर, आणि परसाकडे जाण्यासाठी तोच बांध, तीच झुडपे. आकडेकृमीचे अंडे मळातून ओलसर, सावलीच्या मातीत पडते, तिथे त्यातून अळी निघते, आणि ती अळी पायाच्या कातडीतून आत शिरते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली म्हणजे लोक तिला सरसकट चिखल्या म्हणत. त्या खाजेतली काही खाज या पाहुण्याच्या गृहप्रवेशाची असे. पुढे रक्तावाटे फुप्फुसात, तेथून घशात, घशातून गिळली जाऊन आतड्यात, असा द्राविडी प्राणायाम करून ती मुक्कामाला पोचते आणि आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन रक्त पीत बसते. एका कृमीचे पिणे थेंबाच्या हिशेबातले असले तरी शेकड्यांनी कृमी असले म्हणजे वर्षभरात बाई पांढरीफटक पडते. साहलीच्या नळीत आम्लाचे थेंब टाकून हिमोग्लोबिनचा रंग जुळवीत बसलो असता रंग पाचाच्या रेघेवरच जुळलेला मी कितीदा पाहिला आहे. आणि अशा बायकांपैकी एखादी हळूच सांगे की तिला चुलीची भाजलेली माती खावीशी वाटते.

तपासणीची रीत साधी होती. काचपट्टीवर एका टोकाला मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या टोकाला आयोडीनचा. काडीच्या टोकावर मावेल एवढा नमुना दोहोंत कालवावा, वर पातळ काच ठेवावी आणि कमी शक्तीच्या भिंगाखाली पट्टी शेतातल्या नांगरटीसारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळीने पाहत जावी. गोलकृमीचे अंडे पिवळसर तपकिरी, खडबडीत कवचाचे, चिंचोक्यापेक्षा भाजलेल्या फुटाण्याची आठवण करून देणारे. चाबूककृमीचे दोन्ही टोकांना बुचे मारलेल्या पिंपासारखे. आणि आकडेकृमीचे काचेसारखे स्वच्छ, पातळ कवचाचे, आत चार-आठ पेशींचा घोस घेऊन बसलेले. काडेपेटीतून आलेल्या त्या ऐवजात इतकी देखणी वस्तू लपलेली असते, याचे मला अखेरपर्यंत नवल वाटत राहिले. वाड्यांवरची माणसे मला ‘काचवाले भाऊ’ म्हणत, आणि काचेत जे दिसते तेच खरे, बाकी सर्व बोलण्याच्या गोष्टी, अशी माझी त्या वेळची ठाम समजूत होती.

या समजुतीला पहिला तडा एका म्हातारीने दिला. साल १९९३, श्रावणाचे दिवस. डोंगरातल्या एका वाडीवरून दोन तास चालून ती नातवाला घेऊन आली. मुलगा चौथीतला. सकाळी उठला की मळमळ, तोंडाला पाणी सुटे, शाळेच्या वाटेवर बांधावर पोट धरून बसून राही. गुरुजींचे म्हणणे पडले की ही हजेरी चुकविण्याची युक्ती आहे. त्या दिवसांत हिवतापाच्या रक्तपट्ट्यांचा तगादा वरून एवढा होता की मळाचा नमुना हे मला मधले लचांड वाटे. मी पट्टी पाहिली, खरे म्हणजे अर्धीच पाहिली, आणि शेरा लिहिला: ‘कृमींची अंडी आढळली नाहीत.’ आठ दिवसांनी ती पुन्हा आली; या वेळी पट्टी पूर्ण पाहिली, शेरा तोच. तिसऱ्या खेपेस मी तिला जरा तोडूनच बोललो, तेव्हा ती टेबलाच्या कडेला हात टेकून शांतपणे म्हणाली, ‘‘भाऊ, तुमच्या काचंला दिसत न्हाय, पन त्याच्या पोटाला कळतंय.’’

मी हसलो. पोटाला कळते म्हणजे काय? पुढच्या आठवड्यात ती एक बरणी घेऊन आली. मुलाने ओकारीतून टाकलेला वीतभर लांबीचा, पांढुरका, गांडुळासारखा कृमी तीत होता. तिने बरणी नोंदवहीवर ठेवली आणि काही बोलली नाही. मी कृमी बशीत काढून पाहिला तो त्याची शेपटी आकड्यासारखी वळलेली, म्हणजे नर. नर अंडी घालीत नाही, आणि मादीसुद्धा पोटात अंडे गेल्यापासून दोन-तीन महिने लोटल्याखेरीज घालू लागत नाही, हे शिकलेले होते. पण आपल्या शेऱ्याचा अर्थ ‘अंडी दिसली नाहीत’ एवढाच असून ‘कृमी नाहीत’ असा नव्हे, हे भान शिक्षणातून कुठेतरी गळून पडले होते. औषधाची एक मात्रा पहिल्याच दिवशी देता आली असती. मुलाचे दीड महिना शाळेत नाव खराब झाले, त्यात माझा वाटा होता. म्हातारीचे वाक्य मात्र मनात राहिले, आणि त्याचा उलगडा व्हायला आणखी चोवीस वर्षे जावी लागली.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या केंद्रात बंधपत्रावर एक तरुण डॉक्टर आले. मुसळधार पावसात बाह्यरुग्ण विभाग ओस पडला म्हणजे ते माझ्या टेबलाशी येऊन बसत आणि केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर आकृत्या काढीत. मी त्यांना म्हातारीची गोष्ट सांगितली, तेव्हा ते ताडकन म्हणाले, ‘‘काका, आजी बरोबर होती. पोटाला कळतं ते कसं, हे गेल्याच वर्षी छापून आलंय.’’ वयाने निम्म्या असलेल्या त्या मुलाने मला त्या महिन्यात जे सांगितले ते माझ्या बुद्धीच्या कुवतीप्रमाणे येथे मांडतो.

आतड्याचे अस्तर एकेरी पेशींच्या थराचे असते. बहुतेक पेशी अन्नरस शोषून घेण्याच्या कामी तैनात असतात, पण अधूनमधून काही विरळ पेशी असतात ज्यांचे काम निराळे. त्यांतल्या एका जातीला डोक्यावर कुंचल्यासारखा केसांचा झुबका असतो, म्हणून तिचे नाव टफ्ट पेशी. ती शास्त्रज्ञांना कित्येक दशके दिसत होती, पण करते काय हे ठाऊक नव्हते. २०१६ साली संशोधकांच्या तीन निरनिराळ्या गटांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखविले की परजीवी आला आहे ही वर्दी हीच पेशी देते, आणि आश्चर्य असे की त्यासाठी ती जी रेण्वीय सामग्री वापरते तिच्यातली काही जिभेवर कडू-गोड ओळखणाऱ्या पेशींत असते तीच आहे. वर्दी दिली की प्रतिकारशक्तीच्या पेशी जाग्या होतात, त्या इंटरल्यूकिन-१३ नावाचा संदेश उलट पाठवितात, मग श्लेष्मा बनविणाऱ्या पेशी बुळबुळीत थर सोडतात, स्नायू आवळू लागतात, आणि अंगण सारवून झाडून काढावे तसे आतडे पाहुण्याला बाहेर लोटू पाहते. एकाही अंड्याची यासाठी गरज नाही.

दुसरी विरळ जात एंटेरोक्रोमाफिन पेशींची. सेरोटोनिन हे नाव आजकाल वर्तमानपत्रांत मेंदूच्या आणि मनःस्थितीच्या संदर्भात येते, म्हणून मला वाटत होते की तो मेंदूचा माल आहे. वस्तुतः शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते आणि ते मुख्यतः याच पेशी बनवितात. एरस्पामेर या इटालियन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात ते पचनमार्गाच्या अस्तरातून मिळविले आणि त्याला ‘एंटरामीन’ म्हटले. अमेरिकनांनी १९४८ साली रक्तद्रवात एक द्रव्य शोधून त्याला ‘सेरोटोनिन’ म्हटले. आणि १९५२ साली उमगले की दोन्ही एकच. या पेशींवर दाब पडला किंवा काही खटकले की त्या सेरोटोनिन सोडतात. त्याने आतड्याची हालचाल वाढते, पाणी सुटते, आणि जवळच असलेल्या वेगस मज्जातंतूच्या टोकांवरून मेंदूला तार जाते, तिचे भाषांतर म्हणजे मळमळ. काम झाले की सांडलेले सेरोटोनिन पुन्हा उचलून घेण्याची व्यवस्था अस्तरातल्या पेशींत असते.

‘‘आता कृमी काय करतो पाहा,’’ असे म्हणून डॉक्टरांनी कागद उलटा केला. चाबूककृमीची लागण झालेल्या उंदरांत याच पेशींची संख्या वाढते आणि सेरोटोनिनही वाढते, व हे वाढविण्यात प्रतिकारशक्तीच्या लसिका-पेशींचा हात असतो. ट्रायकिनेला या कृमीच्या लागणीत सेरोटोनिन उचलणारी व्यवस्था मंदावते. म्हणजे नळ मोठा सोडायचा आणि मोरीचे भोक बुजवायचे, दोन्ही एकाच वेळी. आतड्याच्या पेशींवर ‘टोल-सदृश ग्राही’ नावाचे पहारेकरीही असतात. फळमाशीतल्या टोल नावाच्या जनुकावरून हे नाव पडले, आणि या शोधांसाठी हॉफमन व बॉयटलर यांना २०११ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. जंतूंच्या अंगावरची ठरावीक खूण ओळखून हाकाटी करणे हे त्यांचे काम. बशीत वाढविलेल्या मानवी पेशींवरच्या प्रयोगांत यांतले काही पहारेकरी जागे झाले की सेरोटोनिनची उचल कमी होते, असे दिसले आहे. म्हणजे पहारा आणि तारखाते ही एकाच कचेरीतली दोन टेबले आहेत. उलट काही कृमी असे स्राव सोडतात की पहारेकऱ्याची हाकाटीच दबून जावी. म्हणून तर असा कृमी वर्षानुवर्षे बिनबोभाट राहू शकतो. आमांशाचा अमीबा तर याहून वस्ताद: त्याच्या स्वतःच्या अंगातच सेरोटोनिन सापडते आणि आतड्यातून पाणी सुटण्यात त्याचा भाग असतो, हे १९८३ सालीच प्रसिद्ध झाले आहे. खोटा शिक्का मारून तार पाठविण्यासारखाच हा प्रकार.

यातले बरेचसे उंदरांत आणि काचेच्या बशीत पाहिलेले आहे, वाडीवरच्या मुलाच्या आतड्यात कोणी डोकावून पाहिलेले नाही, ही सावधगिरी त्या डॉक्टरांनीच मला वारंवार दिली. तरीही मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो. ज्या तक्रारीला मी पाल्हाळ समजत होतो, ज्या मळमळीला गुरुजी लबाडी म्हणत होते, ती शरीराने पाठविलेली सविस्तर तार होती, आणि माझे भिंग ज्या पुराव्याची वाट पाहत बसले होते तो पुरावा त्या तारेच्या कित्येक आठवडे मागून येणारा होता.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या नोंदवह्या काढल्या. नाव, वय, गाव, नमुना, निष्कर्ष, शेरा. रुग्णाला होते काय, याला रकानाच नव्हता. एकतीस वर्षे मी कैफियत न वाचता शेरे मारीत होतो. वास्तविक डोळ्यांसमोर याच तालुक्यातला धडा होता. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडात काम केलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णाचा घाम, गार पडणारे हातपाय, ओकाऱ्या ही एकेक तक्रार खाटेशी बसून टिपली, तिच्या आधारे प्राझोसिनचा उपचार उभा केला आणि ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाला त्याची दखल घ्यावयास लावली. त्यांचे नाव मी अभिमानाने सांगत असे. रीत मात्र उचलली नव्हती.

त्या दिवसापासून मी वहीत पट्टीने एक अरुंद रकाना आखला आणि त्यात रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहू लागलो: ‘पोटात डवळतंय’, ‘घास वर येतो’, ‘भूक मेली’, ‘झोपेत दात खातो’. तक्रार बोलकी असून पट्टी कोरी निघाली तर मी आपण होऊन नमुना मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून अंडी तरंगवून पाही, रक्ताच्या पट्टीवर नारिंगी दाण्यांच्या इओसिनोफिल पेशी मोजी, आणि आठवड्याने फेरतपासणीस बोलावी. सापडण्याचे प्रमाण वाढले. २०१५ पासून शाळांत १० फेब्रुवारीला जंतनाशक गोळी देऊ लागले होते. तिचा मोठा उपयोग झाला, पण गोळी आतडे साफ करते, माती साफ करीत नाही, हेही त्याच रकान्याने दाखवून दिले, कारण अनवाणी फिरणारी तीच नावे आश्विनात त्याच तक्रारी घेऊन परत येत. एका वर्षी गोळीनंतर एका मुलीला ओकारी झाली आणि सायंकाळपर्यंत शाळेपुढे जमाव जमला. तेव्हा मरता कृमी जाताजाता आतड्याला डिवचून जातो, ही ओकारी गोळीच्या विषाची असेलच असे नाही, एवढे समजावून सांगण्याइतके ज्ञान निदान माझ्यापाशी होते.

शेवटचा धडा निवृत्तीनंतरचा आहे. २२ जुलै २०२१ रोजी, गुरुवारी, तळीये गावच्या कोंडाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात महाड शहर पाण्याखाली होते, पोलादपूरकडेही दरडी कोसळल्या होत्या. पुढच्या आठवड्यांत परिसरात आरोग्य तपासण्या चालू झाल्या आणि जुन्या सहकाऱ्यांना हात कमी पडत होते म्हणून मी सूक्ष्मदर्शक घेऊन मदतीला गेलो. लेप्टोस्पायरोसिसची भीती होती, जुलाबाची होती. नमुन्यांचा ढीग पडला होता. त्यात एक वृद्ध होते. कोण, कुठले, त्यांचे कोण गेले, हे येथे सांगण्याचे कारण नाही. त्यांची कैफियत मी लिहून घेतली ती अशी: ‘‘प्वाटात डवळतंय. घास उतरत न्हाय. पत्र्यावर पाऊस वाजला का गोळा येतो.’’

पट्टीवर आकडेकृमीची तीन अंडी मिळाली. मला, खरे सांगतो, आनंद झाला, कारण सापडले. अल्बेंडाझोलची गोळी दिली गेली. पंधरा दिवसांनी मी त्यांचा नमुना दोन रीतींनी, तीन पट्ट्यांवर, डोळे दुखेपर्यंत पाहिला. एकही अंडे नव्हते. तक्रार अक्षरशः तीच होती.

मी बराच वेळ त्यांच्यासमोर बसून राहिलो. आतडे आणि मेंदू यांच्यामधली ती वेगसची वाट दोन्ही बाजूंनी वाहती असते, आणि तिच्यावरून खालून वर जाते तसेच वरून खालीही येते. कृमीने डिवचलेले पोट आणि दुःखाने डिवचलेले पोट जी भाषा बोलते तिचे शब्द पुष्कळ अंशी एकच आहेत. आपल्या मराठीने भीतीचा गोळा पोटात आणला, कणव आली की पोटात कालवले आणि अपराधही पोटातच घातले, त्यात केवळ अलंकार नव्हता. त्या तीन अंड्यांनी मळमळीचा काही भाग केला असेल. उरलेला भाग ज्या दरडीचा होता तिचा कण माझ्या काचेवर येणार नव्हता.

तरुणपणी मी ‘नमुना निर्दोष’ असा शेरा मारून मोकळा झालो असतो, आणि कागदावर ते गृहस्थ बरे झाले असते. त्या दिवशी मी लिहिले: ‘अंडी आढळली नाहीत. तक्रार कायम.’ हा कागद पाहून तिथल्या डॉक्टर बाईंनी त्यांना आत बोलावले आणि गोळीचे नाव न काढता अर्धा तास त्यांच्याशी बोलत बसल्या. त्यांना बरे वाटले असे मी म्हणणार नाही. ते पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, एवढे मात्र खरे.

आता केंद्राकेंद्रांत नवी मुले या टेबलावर बसली आहेत, त्यांची यंत्रे आमच्याहून कितीतरी चांगली आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. छापील नोंदवहीत रुग्णाच्या तक्रारीचा रकाना नसेल, तर तो आखून घ्या. एक पट्टी आणि एक पेन्सिल लागते.